छोट्या देशाचे नऊ हजार ट्रक

उत्साही : लिथुआनिया हा महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा देश. लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या एकट्या पुणे शहराहूनही कमी. या देशात १९९६ मध्ये मिंडाउगस राइला यांनी एका ट्रकनिशी ‘गिर्टेका’ ही कंपनी काढली. पंचवीस-एक वर्षांत तिचा ताफा नऊ हजार ट्रकांच्या वर गेला आणि स्वतःच्या मालकीच्या गाड्या चालवणारी युरोपातली सर्वांत मोठी वाहतूक कंपनी अशी तिची ओळख झाली. ही सुरुवात कुठल्या काळात झाली तेही लक्षात घ्या. लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याआधी सोव्हिएत राजवटीत परदेशी जाणारा ट्रक ‘सोव्हट्रान्सआव्टो’ या सरकारी संस्थेचा असायचा. खासगी माणसाने ट्रक घ्यावा, भाडं ठरवावं आणि सीमा ओलांडून माल पोचवावा, हा धंदाच तिथे कुणाला माहीत नव्हता. ना भांडवल, ना बँकांचा अनुभव, ना पश्चिमेत ओळखपाळख. तिथून निघून जर्मन, डच, फ्रेंच वाहतूकदारांना त्यांच्याच रस्त्यांवर मागे टाकणं, याचं कौतुक करायचं नाही तर कशाचं करायचं?

साशंक : कौतुकाला हरकत नाही. पण कौतुक नेमकं कुणाचं, ते आधी ठरवू. या ट्रकांतले बरेचसे महिनोन् महिने लिथुआनियाचा रस्ता बघत नाहीत. माल नॉर्वेतून उचलायचा, फ्रान्समध्ये उतरवायचा, तिथून दुसरा माल घेऊन जर्मनीत जायचं. ट्रक स्वीडिश किंवा जर्मन बनावटीचा. डिझेल वाटेतल्या देशातलं. टोल त्या-त्या सरकारचा. स्टिअरिंगवर बसलेला माणूस पूर्वी बहुधा युक्रेन किंवा बेलारूसचा असायचा. २०२२ मध्ये युद्ध पेटलं, युक्रेनच्या पुरुषांना देश सोडायची बंदी झाली, आणि मग लिथुआनियातल्या वाहतूक कंपन्या उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि अगदी भारतापर्यंत ड्रायव्हर शोधत आल्या. मग यात लिथुआनियाचं काय उरलं? नंबरप्लेट आणि पगाराची पावती. ‘आपल्या मातीतली कंपनी’ असं म्हणताना ही माती किती आणि कुठली, हे विचारायला नको का?

उत्साही : विचारा की. पण धंद्याचं मर्म लोखंडात आणि डिझेलमध्ये नसतं. व्होल्वोचा ट्रक पैसे मोजून कुणीही विकत घेतो. तो रिकामा धावू न देणं कुणालाही जमत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. जातानाचं भाडं सगळ्यांनाच मिळतं, कमाई ठरते ती परतीच्या मालावर. कळंबोलीहून इंदूरला माल टाकला आणि परतीच्या भाड्यासाठी गाडी चार दिवस उभी राहिली, तर जातानाचा नफा तिथेच संपला. हेच गणित एका वेळी हजारो गाड्यांसाठी, वीस-पंचवीस देशांत, प्रत्येक ड्रायव्हरचे तास सांभाळून सोडवायचं असतं. हे काम लिथुआनियातल्या विल्नियस आणि श्याउल्याई या शहरांच्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांनी उभं केलं.

नॉर्वेच्या सॅल्मन माशाचंच बघा. हा मासा मत्स्यशेतांत वाढवतात, कापून साफ करतात आणि फोमच्या पेट्यांत बर्फ घालून भरतात. तापमान शून्य ते दोन अंशांच्या घरात ठेवावं लागतं. रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये ३३ पॅलेट मावतात. गाडीचं एकूण वजन बहुतेक युरोपात ४० टनांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हिवाळ्यात नॉर्वेच्या घाटांतून, बर्फावरून खाली उतरायचं, फेरीबोट पकडायची, पोलंडमधल्या प्रक्रिया कारखान्याला किंवा फ्रान्समधल्या घाऊक बाजाराला ठरल्या वेळी पोचायचं. उशीर झाला तर माशाचा भाव पडतो, थंडावा गेला तर अख्खा माल नाकारतात. आणि नॉर्वेला वर जाताना ट्रेलर रिकामा जाऊन चालत नाही, म्हणून तिकडे लागणारी फळं, भाज्या, किराणा आधीच जोडून ठेवावा लागतो. गिर्टेकाने जम बसवला तो अशा मालावर. हे नुसत्या स्वस्ताईवर होत नाही.

शिवाय भूगोलही बघा. लिथुआनियाची जुनी रेल्वे रशियन गेजची, १,५२० मिलीमीटरची. शेजारच्या पोलंडची १,४३५ची. पश्चिमेकडे रेल्वेने माल पाठवायचा तर सीमेवर डबे बदला किंवा चाकं बदला. सोव्हिएत काळाने सगळे रूळ पूर्वेकडे वळवून ठेवले होते. पश्चिमेचा बाजार गाठायला रस्ता हाच मार्ग उरला. त्या अडचणीतून त्यांनी धंदा काढला. आज त्या देशाच्या सेवा-निर्यातीत मालवाहतुकीचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी आहे. हे त्यांच्या मातीतलं नाही तर कुणाच्या?

साशंक : परतीच्या मालाचं कौशल्य मान्य. माशाचंही मान्य. पण डॅनिश आणि डच वाहतूकदारांना थंड मालाची वाहतूक येत नव्हती असं थोडंच आहे? ती विद्या त्यांचीच. तरी ते मागे पडले, आणि त्याचं कारण हिशेबाच्या वहीत सापडतं. १ मे २००४ रोजी लिथुआनिया युरोपीय संघात गेला. तेव्हा तिथला पगार आणि जर्मनीतला पगार यांत कित्येक पटींचं अंतर होतं. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत ड्रायव्हर आणि डिझेल हे दोनच मोठे खर्च. डिझेल सगळ्यांना साधारण सारखंच पडतं. उरला ड्रायव्हर.

त्याचा पगार कसा बनतो ते बघा. मूळ पगार कायद्याने लागतो तेवढा, म्हणजे थोडका. वर परदेशात काढलेल्या प्रत्येक दिवसाचा भत्ता. ठरावीक मर्यादेपर्यंत त्या भत्त्यावर ना कर, ना सामाजिक विम्याची वर्गणी. हातात येणारी रक्कम बरी दिसते. पण माणूस आजारी पडला की रजेचा पगार मोजला जातो मूळ पगारावर, आणि म्हातारपणी पेन्शनही त्याच आधारावर. ‘बेसिक कमी, अलाउन्स जास्त’ ही पद्धत आपल्याकडच्या नोकरदाराला वेगळी समजावून सांगायला नको. जी रचना माणसाच्या म्हातारपणातून भाड्याचा दर कमी करते, तिला कौशल्य म्हणायचं का?

उत्साही : पगारातल्या तफावतीवर धंदा उभा राहिला म्हणून तो खोटा ठरत नाही. तसं असेल तर हिंजवडी बंद करा. पुण्याचं, बंगळुरूचं संगणक क्षेत्र अमेरिका आणि भारत यांच्या पगारातल्या अंतरावरच उभं राहिलं. सुरुवातीला गिऱ्हाईक आलं ते स्वस्त म्हणून, टिकलं ते काम नीट झालं म्हणून. त्या पगारांवर मराठी घरांची एक पिढी वर आली. कोथरूडमधल्या मुलाने न्यू जर्सीतल्या बँकेचं काम कमी पैशात केलं, तेव्हा तो अमेरिकन इंजिनिअरचा घास पळवतो असं आपण म्हणालो नाही. आपण त्याला मेहनत म्हणालो, आणि ती होतीच.

लिथुआनियाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. युरोपीय संघात शिरताना त्यांना सांगण्यात आलं की बाजार एक आहे. माल, भांडवल, माणसं आणि सेवा, चारही मोकळे. मग स्वीडिश बँका विल्नियसमध्ये आल्या, २०१६ मध्ये जर्मन सुपरमार्केट लिडल आलं, जर्मन गाड्या तर आधीपासून होत्याच. देशातली तरणीताठी माणसं ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेला निघून गेली. हे सगळं एक बाजार म्हणून त्यांनी सोसलं. आणि ज्या एका धंद्यात पूर्वेकडचा देश जिंकू लागला, त्या धंद्यात मात्र स्पर्धा ‘अन्याय्य’ झाली, हे कसं?

साशंक : हिंजवडीचा दाखला चांगला आहे, आणि त्यातच फरक दडलाय. कोथरूडचा मुलगा काम न्यू जर्सीचं करतो, पण जेवतो कोथरूडमध्ये. घरभाडं पुण्याचं, दूध पुण्याच्या भावाचं, रात्री स्वतःच्या अंथरुणावर झोप. त्याचा पगार आणि त्याचं जगणं एकाच गावात आहे. ड्रायव्हरचं तसं नाही. पगार विल्नियसच्या हिशेबाने, आणि दिवस जातो जर्मनीच्या महामार्गावर. तिथे पाव जर्मन भावाचा, अंघोळ जर्मन भावाची, आणि खोली घ्यायची म्हटली तर तीही.

शनिवार-रविवारी जर्मनीतल्या एखाद्या महामार्गालगतच्या ट्रकतळावर काय दिसतं? कॅबिनचे पडदे ओढलेले. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ट्रेलरच्या बाजूच्या पेटीचं झाकण उघडून त्यावर मांडलेला छोटा गॅस, त्यावर शिजणारं मटण किंवा पास्ता. आरशाच्या दांडीला वाळत घातलेला टॉवेल. शौचालयाला सुटे पैसे लागतात. युरोपचा नियम सांगतो : दिवसाला नऊ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा दहा तास चालेल, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं, आणि आठवड्याची पूर्ण विश्रांती सलग ४५ तासांची. गाडीतला टॅकोग्राफ हे सगळं नोंदवतो, पण तो चाकं थांबली एवढंच सांगतो. माणूस थांबला तो कुठे, हे त्याला कळत नाही. ती ४५ तासांची विश्रांती कॅबिनमध्ये काढता येणार नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. निकाल द्यावा लागला, याचा अर्थ उघड आहे.

उत्साही : त्या निकालाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यानंतर जे झालं त्याबद्दल. २०२० मध्ये युरोपीय संघाने ‘मोबिलिटी पॅकेज’ नावाचे नियम आणले. त्यातल्या एका कलमाने प्रत्येक ट्रक दर आठ आठवड्यांनी ज्या देशात नोंदवलाय त्या देशात परत आणणं सक्तीचं केलं. लिथुआनिया, बल्गेरिया, रोमानिया हे युरोपाच्या कडेचे देश. तिथल्या कंपनीला फ्रान्समधून गाडी हजारो किलोमीटर मागे आणायची, तीही पुष्कळदा रिकामी, आणि पुन्हा तिकडे न्यायची. बेल्जियमच्या कंपनीला यातलं काहीच नाही. खुद्द युरोपीय आयोगाने करवून घेतलेल्या अभ्यासात अंदाज निघाला की या एका अटीने २०२३ मध्ये २९ लाख टनांपर्यंत जादा कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ शकतो. पर्यावरणाच्या नावाने जगाला शिकवणी देणाऱ्यांनी रिकामे ट्रक पळवायचा कायदा केला. लिथुआनिया, पोलंड, रोमानिया, बल्गेरिया, हंगेरी, माल्टा, सायप्रस कोर्टात गेले, आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ती अट रद्द झाली. छोट्या देशांनी मोठ्यांच्या नियमाला कायद्याने हरवलं. वाहतूक कंपनीच्या यशात याचाही हिस्सा धरायला हवा.

साशंक : त्याच दिवशी त्याच न्यायालयाने बाकीचे नियम कायम ठेवले, ते मात्र मिरवणुकीत मागे राहतं. कॅबिनमध्ये साप्ताहिक विश्रांतीची बंदी कायम. ड्रायव्हरला साधारण तीन-चार आठवड्यांनी घरी जाता येईल असं कामाचं वेळापत्रक आखायची कंपनीवरची जबाबदारी कायम. परक्या देशात केलेल्या देशांतर्गत फेऱ्यांना तिथल्या पगाराचे नियम लागू, तेही कायम. म्हणजे न्यायालयाने एक रेघ ओढली. ट्रकला परत बोलावण्याचं कारण त्याला पटलं नाही. माणसाला परत जाता आलं पाहिजे, हे पटलं.

आता पुढचा पेच बघा. कायद्यात ‘घरी’ याचे दोन पर्याय आहेत. कंपनीचं त्या देशातलं केंद्र, किंवा ड्रायव्हरचं स्वतःचं राहतं ठिकाण. हा नियम आखला तेव्हा डोळ्यांसमोर होता कौनासला राहणारा, बायको-मुलांकडे परतणारा लिथुआनियन. समरकंदच्या माणसाचं काय? त्याला कंपनीच्या बसने लिथुआनियातल्या केंद्रावर आणून सोडलं की कागद पूर्ण होतो. तिथे त्याचं कुणी नाही. पंजाबातून किंवा हरियाणातून गेलेल्या ड्रायव्हरची गोष्टही तीच. गंमत म्हणजे हे घडलं यशामुळेच. लिथुआनियातले पगार २००४ नंतर अनेक पटींनी वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे लिथुआनियन तरुण या नोकरीला नाही म्हणू लागला, आणि ज्या तफावतीवर धंदा उभा होता ती टिकवायला आणखी पूर्वेकडे जावं लागलं. घर वर आलं, आणि घराबाहेरचा माणूस खालच्या पायरीवर आला.

उत्साही : तो खालच्या पायरीवर आला असं तुम्ही म्हणता, तो स्वतः तसं म्हणेल का? समरकंदला किंवा जालंधरला ट्रक चालवून जे मिळतं त्याच्या कित्येक पट त्याला इथे मिळतं. त्या पैशातून घर बांधतो, बहिणीचं लग्न करतो. आखातात गेलेल्या कोकणातल्या माणसांना आपण हे सांगायला गेलो होतो का, की तुमची नोकरी दुसऱ्याच्या यशाचा खर्च आहे?

आणि दोष द्यायचा तर बरोबर जागी द्या. २०२३ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटजवळ ग्रेफनहाउझन इथे महामार्गावरच्या ट्रकतळावर जॉर्जिया, उझबेकिस्तान, ताजिकिस्तानचे ड्रायव्हर गाड्या लावून बसले. पगार थकला होता. एकदा कित्येक आठवडे बसले, पैसे मिळाले. उन्हाळ्यात दुसरी तुकडी बसली, उपोषणापर्यंत गोष्ट गेली. त्यांचा मालक पोलंडचा एक वाहतूकदार होता. पण त्या ट्रेलरांत माल होता मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांचा, आणि तो त्यांच्यापर्यंत कंत्राटदाराचा उपकंत्राटदार, त्याचाही उपकंत्राटदार अशा साखळीतून आला होता. खरा अंधार त्या साखळीत आहे. जी कंपनी स्वतःचे हजारो ट्रक स्वतःच्या नावावर ठेवते, ड्रायव्हर स्वतःच्या पटावर घेते, तिला जाब विचारायला पत्ता असतो. तपासणीला फाइल असते. पतपुरवठा करणारी बँक आणि मोठं गिऱ्हाईक, दोघांनाही तिची इभ्रत सांभाळावी लागते. मोठी, मालकीचा ताफा असणारी कंपनी हा या धंद्यातला सर्वांत उजेडातला भाग आहे. तिच्यावरच सगळी शंका लादली, तर माल त्या अंधाऱ्या साखळीकडे जाईल.

साशंक : हा मुद्दा वजनदार आहे. पत्ता असलेली कंपनी ही पत्ता नसलेल्या साखळीहून बरी, हे मान्य. पण भाड्याचा दर कोण ठरवतं? सर्वांत मोठा ताफा ज्या दराला माल उचलतो, तोच दर बाकीच्यांना पकडावा लागतो. ज्यांच्याकडे तिच्यासारखं परतीच्या मालाचं गणित नाही, ते तो दर कशातून गाठणार? ड्रायव्हरच्या पैशातून. म्हणजे उजेडातली कंपनी आणि अंधारातली साखळी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. शिवाय नुसता आकार म्हणजे ताकद असंही नाही. हंगेरीची वाबेरर्स अशीच घरची, अभिमानाची कंपनी. सरकारी वाहतूक संस्थेतून उभी राहिली, हजारो ट्रकांपर्यंत गेली, २०१७ मध्ये बुडापेस्टच्या शेअर बाजारात उतरली. लवकरच ड्रायव्हरची टंचाई आणि वाढते पगार यांनी तिला तोट्यात ओढलं, आणि आंतरराष्ट्रीय ताफा कमी करावा लागला. तफावत आटली की ताफा किती उरतो, हे तिथे दिसलं.

आणि आपल्यासाठी यातला प्रश्न दूरचा नाही. आपला ट्रक बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलहून पलीकडे बेनापोलच्या यार्डापर्यंत जातो, माल उतरवतो आणि मागे फिरतो. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा वाहनकरार २०१५ मध्ये थिंफूला झाला, तो आजही पुरता रस्त्यावर उतरलेला नाही. त्यामुळे रस्त्याने देशोदेशी जाणारी भारतीय कंपनी उभी राहणं अवघड, पण भारतीय ड्रायव्हर मात्र युरोपात पोचला. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा आपल्याकडे १९६१ मध्येच झाला, कामाच्या तासांसकट. न्हावाशेवाच्या रांगेत रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला त्यातलं किती माहीत असतं? नव्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची व्हायला २०२५ उजाडावं लागलं. तेव्हा कळंबोलीचा माणूस लिथुआनियाच्या गाडीवर जायला का तयार होतो, याचं अर्धं उत्तर आपल्याच रस्त्यावर आहे.

उत्साही : मग निदान मोजायचं काय यावर तरी एकमत होऊ शकतं. यशाची जाहिरात ट्रकांच्या संख्येने करू नये. दोन आकडे मागावेत. शंभर किलोमीटरमागे किती किलोमीटर रिकामे धावले, आणि एका ड्रायव्हरला वर्षात किती रात्री स्वतःच्या घरी मिळाल्या. पहिल्या आकड्यात कौशल्य कळेल, दुसऱ्यात त्याची किंमत. पहिला आकडा सुधारून त्यातून दुसऱ्याचा खर्च निघत असेल, तर ती कंपनी खरोखर मोठी. तसं होऊ शकतं, असा माझा विश्वास आहे. रिकामी फेरी वाचली की पैसा वाचतो, आणि तो पैसा माणसावर खर्च करता येतो.

साशंक : करता येतो, पण केला जाईलच असं त्या गणितात काही नाही. वाचलेला पैसा भाडं कमी करण्यात जातो, कारण पॅरिसमधला घाऊक व्यापारी मासा ताजा आहे का एवढंच बघतो, तो आणणारा किती दिवस घरी गेला नाही हे त्याच्या बिलावर छापलेलं नसतं. ते छापायला लावणारा कायदा झाला, तर दर वाढतील. दर वाढले तर जास्त रात्री घरी देणारी कंपनी टिकेल, की तिच्या जागी ज्यांना अजून आणखी लांबून माणसं आणता येतात असे कुणी येतील? तुमचा दुसरा आकडा मला मान्य आहे. तो कुणी मोजायचा, लिथुआनियाच्या सरकारने, मालवाल्या गिऱ्हाइकाने की ड्रायव्हर जिथून निघाला त्या देशाने, हे ठरल्याशिवाय मात्र तो कागदावरच राहील. आणि त्या तिसऱ्या देशांच्या यादीत आता आपलंही नाव आहे.